थॉर्नबेकची लाल दोरी

१

मेव्हिस क्रॅबट्री दवाखान्याच्या शौचालयात मरण पावली, तेव्हा तिचा नवरा एडगर भिंतीपलीकडच्या खोलीत तिचा कोट मांडीवर घेऊन बसला होता.

मंगळवारची सकाळ होती. थॉर्नबेकमध्ये दवाखाना एकच. मेव्हिसला रक्तदाब दाखवायचा होता म्हणून दोघं आली होती. "नाव लागलं तर सांग, आलेच," असं म्हणून ती काठी टेकत बोळातून आत गेली. थोड्या वेळाने फलकावर तिचं नाव उजळलं. एडगरने हात वर करून सांगितलं, "आत गेलीय. येईल." ते नाव गेलं, दुसऱ्या कुणाचं आलं, मग पुन्हा तिचं आलं. तेव्हा मात्र तो उठला.

रिसेप्शनवरची जॉयस ओल्डरॉइड धावत गेली. दार आतून बंद होतं. अशा दारांची कडी बाहेरून नाण्याने फिरवता येते. ती फिरवून जॉयस आत शिरली आणि डॉक्टरांना हाका मारू लागली. मेव्हिस फरशीवर कुशीवर पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि हृदय थांबलं होतं. पडताक्षणी ती गेली नव्हती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. काही वेळ ती शुद्धीवर असणार.

अपंगांसाठीच्या शौचालयात छताला दोन दोऱ्या असतात. पांढरी ओढली की दिवा लागतो. लाल ओढली की रिसेप्शनवर अलार्म वाजतो. लाल दोरी थेट जमिनीपर्यंत सोडलेली असते, कारण ज्याला मदत हवी असते तो बहुतेक वेळा जमिनीवर पडलेला असतो. सगळे आत आले तेव्हा मेव्हिसपासून हातभर अंतरावर ती दोरी लोंबत होती. अलार्मही बिघडलेला नव्हता, कारण दार उघडल्यानंतर तो सगळ्यांनी वाजताना ऐकला.

एडगरने दोन आणि दोन चार केले. चर्चच्या पायरीवर, दुकानात, पबमध्ये, भेटेल त्याला त्याने सांगितलं, "माझ्या बायकोने दोरी ओढली. त्या जॉयसने अलार्म ऐकला आणि बटण दाबून बंद केला."

गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला. शुक्रवारी दवाखान्यातच जॉयसची सुनावणी ठरली. नोकरी जाणार हे नक्की होतं, आणि त्यानंतर या गावात तिला तोंड दाखवता येईल की नाही, हाच प्रश्न उरला होता.

२

गुरुवारी सकाळी तपासणी खात्याची हेस्टर लोमॅक्स दवाखान्यात आली. वीसएक वर्षं परिचारिका म्हणून काम करून ती या खात्यात गेली होती. दवाखाना स्वच्छ आहे का, सुरक्षित आहे का, माणसांना तिथे नीट वागवतात का, हे पाहणं तिचं काम. या खेपेला एक प्रश्न जास्तीचा होता.

लसींचा फ्रिज हवा तेवढाच थंड होता. प्राणवायूची टाकी भरलेली होती. कपाटातल्या एकाही औषधाची मुदत टळलेली नव्हती. बाहेर बसलेल्या लोकांना रिसेप्शनच्या खिडकीवरचं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून तिथे रेडिओ लावून ठेवला होता, तोही नियमाला धरूनच. दवाखाना चांगला होता, आणि हेस्टरची अडचण तीच होती.

"अलार्म आम्ही दर सोमवारी तपासतो," मॅनेजर नाइजल ट्रेस्कॉट म्हणाला. तो नीटनेटका माणूस होता, टायसुद्धा पट्टी लावून बांधल्यासारखा.

"कसा तपासता?"

त्याने जॉयसच्या टेबलाजवळच्या पेटीवरचं एक बटण दाबलं. कर्कश आवाज झाला. बाबागाडीतलं एक मूल रडू लागलं. "ऐकलंत?"

"ऐकलं. आणि दोरी कोण ओढून बघतं?"

"गरजच काय? यंत्रणा एकच आहे, मिस लोमॅक्स."

हेस्टर बोळातून शौचालयात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

लाल दोरी लोंबत होती. हेस्टर गुडघ्यावर बसली. भिंतीच्या तळाची पांढरी पट्टी पोछ्याच्या घाण पाण्याने करडी पडली होती. कमोडच्या बुडाशीही तोच करडा रंग. पण दोरीचं टोक आणि टोकाला लावलेली प्लॅस्टिकची कडी नव्यासारखी लालभडक होती. रोज पोछा फिरणाऱ्या फरशीवर लोंबणारी दोरी इतकी स्वच्छ कशी राहील?

ती उभी राहिली. दोरीच्या वरच्या भागाला सारख्या अंतरावर बाक आले होते. धुतलेल्या लोकरीसारखी ती जागोजागी वळली होती. त्या बाकांमध्ये धूळ बसली होती, आणि ती खूप दिवसांची होती.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिच्या खांद्याच्या उंचीवर, जमिनीवर पडलेल्या माणसाचा नुसता हात पोचणार नाही इतक्या वर, टाइल्सवर काळे फराटे होते. जवळजवळ, एकावर एक, काही तिरपे. काठीच्या टोकाला रबर बसवलेलं असतं, त्या रबराचे.

परिचारिका असताना हेस्टरने खूप मरणं पाहिली होती. तरी ते फराटे तिला शेवटपर्यंत मोजता आले नाहीत.

मेव्हिसने लाल दोरी ओढली नव्हती, कारण ती खाली नव्हतीच. कुणीतरी ती वर बांधून ठेवली होती. आणि मेव्हिस गेल्यानंतर कुणीतरी ती सोडली होती.

३

"सफाईवाली," ट्रेस्कॉट लगेच म्हणाला. "पोछा मारताना मध्ये येते म्हणून बांधली असणार. बाहेरून आलेली माणसं, त्यांना काय कळतं."

सफाईवाली म्हणजे दोइना. ती रोमानियातून आली होती. शरीराने बारीक, बोलायला तिखट. हेस्टरने विचारलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले.

"मी बांधली? माझ्याकडे बघा तरी. खुर्चीवर चढून पोछा मारते का मी? हिवाळ्यात कामाला लागले तेव्हापासून ती वरच होती. मला वाटलं, बिघडलीय म्हणून ठेवलीय. मिस्टर ट्रेस्कॉटना विचारायचं तर ते मान वर करून बोलत नाहीत. माझं नाव त्यांना माहीत आहे का, विचारा जरा."

"मग ती खाली कधी आली?"

"मंगळवारी संध्याकाळी आले तेव्हा खाली होती. मी हात नाही लावला. ज्या खोलीत कुणी मेलंय तिथली वस्तू मी हलवत नाही."

डॉ. फेन्विक, तरुण बाई, टेबलावरचा थंड झालेला चहा बाजूला सारत म्हणाली, "जॉयसची हाक ऐकली आणि मी पळाले. बोळात होते तेवढ्यात अलार्मही वाजायला लागला. मदतीसाठी तिनेच दोरी ओढली असेल."

"त्याआधी वाजला होता?"

"मी तरी ऐकला नाही. पण माझं दार बंद असतं. एक सांगू? पूर्वी तो अलार्म दिवसातून एकदा तरी वाजायचा. दिवा लावायला जायचे आणि लाल दोरी ओढायचे. रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला असायचा आणि तो वाजायचा. जॉयस बोळातून ओरडायची, 'पांढरी ओढा, पांढरी.' आता आठवतंय, गेली दोनेक वर्षं ते ऐकलंच नाही. शांत झालं म्हणून बरं वाटलं होतं. का शांत झालं, हे मी कधी विचारलं नाही."

"दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

"विशेष काही नाही. तुमच्याच खात्याचे कुणीतरी तपासणीला आले होते."

शेवटी हेस्टर जॉयसकडे गेली. साठीची, आखूड केसांची, रुंद बांध्याची बाई. रिसेप्शनच्या काचेवर कुणीतरी नखाने एक शिवी कोरली होती. ती पुसली जात नव्हती म्हणून जॉयसने तिच्यावर फ्लूच्या लसीचं पत्रक चिकटवलं होतं.

"अलार्म वाजला होता का, मिसेस ओल्डरॉइड?"

"नाही."

"दोरी वर बांधलेली होती?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही ती सोडलीत?"

"फोन वाजतोय," जॉयस म्हणाली, आणि तिने तो उचलला. "थॉर्नबेक दवाखाना. हो पोरी, बोल."

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. हेस्टरच्या हाती आलेलं सगळं तुमच्याही हाती आलं आहे, फक्त एक वस्तू बाकी आहे. हेस्टर ज्या खुर्चीत बसून विचार करणार आहे, त्या खुर्चीच्या अगदी मागे ती वस्तू आहे.

४

हेस्टर रुग्णांच्या खोलीत जाऊन बसली. रेडिओवर कुणीतरी टोमॅटोची रोपं कशी लावावी ते सांगत होतं.

अलार्म दार उघडल्यानंतर वाजला. जॉयसने तो मदतीसाठी वाजवला, असं डॉक्टर म्हणते. पण अलार्म वाजतो कुठे? जॉयसच्या टेबलावर. आणि जॉयस तर शौचालयात होती. स्वतःच्या रिकाम्या खुर्चीला हाक मारून तिला काय मिळणार होतं? डॉक्टरांना तर तिने तोंडाने बोलावलंच होतं. म्हणजे तिला अलार्म वाजवायचा नव्हता. तिला बांधलेली दोरी सोडायची होती, आणि ती खाली खेचताना अलार्म वाजला.

पण का सोडली? दोरी वरच राहू दिली असती तर तिच्यावर बोट ठेवण्याची कुणाची हिंमत झाली नसती. बांधलेली दोरी म्हणजे तिच्या निर्दोषपणाचा पुरावाच. तो तिने स्वतःच्या हाताने नाहीसा केला. दवाखाना वाचवायला? ट्रेस्कॉट उद्या तिलाच काढून टाकणार होता, तरी ती गप्प होती. असं गप्प माणूस स्वतःसाठी बसत नाही. ज्याने दोरी बांधली त्याच्यासाठी ती गप्प होती.

मानेवर ऊन यायला लागलं म्हणून हेस्टरने मागे वळून पाहिलं. खिडकीला गुंडाळीचा पडदा होता. त्याची दोरी मुलांच्या हाती लागू नये, गळ्यात अडकू नये, म्हणून वर बांधलेली होती. हे बरोबरच. तसा नियमच आहे. पण ती बांधली होती फार छान: सारखे वेढे, आणि त्यांच्यातून आरपार काढून वर अडकवलेला एक फास. शेजारच्या खिडकीची दोरीही तशीच. तिसऱ्या खिडकीचीही. वेढ्यांमधलं अंतर लाल दोरीवरच्या बाकांमधल्या अंतराएवढंच होतं.

हेस्टर पुन्हा जॉयससमोर जाऊन उभी राहिली. "पडद्यांच्या दोऱ्या कुणी बांधल्या?"

जॉयसच्या हातातलं पेन थांबलं. काच सरकवून बंद करून ती बाजूच्या दाराने बाहेर आली आणि हेस्टरचं कोपर धरून तिला औषधांच्या खोलीत घेऊन गेली.

"मागच्या तपासणीत तुमच्या माणसाने सांगितलं, लोंबणाऱ्या दोऱ्या मुलांना धोक्याच्या आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "ट्रेस्कॉटने फुकटात काम करणारा माणूस शोधला. त्याला म्हणाला, दवाखान्यातल्या सगळ्या दोऱ्या वर बांधून टाक. सगळ्या. मी तिथेच उभी होते. तो बिचारा शिडी घेऊन आला आणि त्याने सगळ्या बांधल्या. मी त्या शौचालयात पाऊल टाकत नाही, कर्मचाऱ्यांचं वेगळं आहे. मंगळवारी दार उघडलं आणि वर बघितलं, तेव्हा कळलं. त्या गाठी कुणाच्या, हे या गावात कुणालाही कळेल. टाचा उंचावून मी ती खाली खेचली."

"कोण तो?"

"तुम्हाला समजलंय. मला बोलायला लावू नका." तिचे डोळे कोरडे होते. "तो माझ्या मागे बोळात उभा होता, बाई. तिचा कोट हातात घेऊन. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर त्याला दिसलं असतं."

"तो गावभर तुमचं नाव घेतोय."

"घेऊ दे. कुणाला तरी शिव्या देता येतायत, तोवर तो जेवतो तरी. मला काय, शहरातल्या कुठल्यातरी दुकानात काम मिळेल. त्याला दुसरी मेव्हिस कुठून मिळणार?"

५

एडगर क्रॅबट्री चर्चच्या मनोऱ्यात होता. अंत्यविधीला घंटा अर्ध्या मुक्या करून वाजवतात. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधली की एक टोला खणखणीत पडतो आणि पुढचा दुरून आल्यासारखा. तो त्या गाद्या तपासत होता. ऐंशी ओलांडलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. सगळं आयुष्य घंटा वाजवण्यात गेलं होतं, त्यामुळे ऐकायला कमी येत होतं.

"तुम्हीच का त्या तपासणीच्या?" तो मोठ्याने म्हणाला. "बस पोरी. त्या बाकाला एक पाय कमी आहे, सांभाळून. मला तुझ्याकडून एकच ऐकायचंय. मेव्हिसने दोरी ओढली होती की नाही?"

हेस्टर वर बघत होती. घंटांचे जाड दोर रविवारपर्यंत कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून वर बांधून ठेवले होते. सारखे वेढे, आणि त्यांच्यातून आरपार काढून वर अडकवलेला एक फास.

इथे येईपर्यंत तिने ठरवलं होतं की जॉयस म्हणते तसंच करायचं. अहवालात मॅनेजरचं नाव लिहायचं, या म्हाताऱ्याचं नाही. एका माणसाला एवढी दया दाखवली तर खात्याचं काही बिघडणार नव्हतं.

"सुंदर गाठ आहे," ती म्हणाली.

"बापाने शिकवली. वर कितीही वर्षं राहते, आणि योग्य जागी धरलीस तर एका झटक्यात सुटते." त्याचा चेहरा थोडा उजळला. "माझ्याशिवाय कुणाला नीट जमत नाही. दवाखान्यातल्या पडद्यांच्या मीच बांधल्यात. गावाच्या हॉलमध्ये पण. गेल्याच महिन्यात, मुलांचा नाच असतो ना तिथे. म्हटलं, एकही दोरी लोंबती ठेवायची नाही."

हेस्टरने गाठीवरून नजर काढली. "हॉलमध्ये सगळ्या बांधल्या?"

"सगळ्या."

"शौचालयातलीसुद्धा?"

"हो तर. खिडक्यांच्या, स्टेजच्या, आणि ती..."

हातातली चामड्याची गादी त्याने सावकाश खाली ठेवली. मधे बोलून त्याला वाचवावं, असं हेस्टरला वाटलं. पण हॉलमध्ये आज दुपारी म्हाताऱ्यांचं जेवण होतं. हॉलच्या दाराबाहेर लावलेला कागद तिने येताना वाचला होता.

"लाल," एडगर म्हणाला.

"हो."

"दवाखान्यातलीही लाल होती."

"हो, मिस्टर क्रॅबट्री."

तो खाली बसला नाही. एका दोराला धरून उभा राहिला.

"पण मी बघितलं तेव्हा ती खाली होती."

"जॉयसने सोडली. तुम्हाला दिसू नये म्हणून."

एडगरने विचारलं, "मेव्हिसने प्रयत्न केला होता?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण आता त्याला फसवणारा आणखी एक माणूस नको होता.

"काठीने केला. भिंतीवर खुणा आहेत."

"काठीचं रबर मी नवीन बसवलं होतं," तो म्हणाला. "ती घसरू नये म्हणून." आणि मग, जणू हेस्टर तिथे नव्हतीच, "माझी गाठ तिला कधी सुटली नाही. अंगणातली कपड्यांची दोरी सोडायची असली तरी खिडकीतून हाक मारायची. एडगर, ये रे, तुझं हे सोड. मी यायचो."

६

आधी एडगर हॉलमध्ये गेला. हेस्टर त्याच्याबरोबर होती. जेवणाची टेबलं मांडली जात होती, उकडलेल्या कोबीचा वास भरला होता, आणि कुणीतरी त्याला हाक मारली. तो थेट शौचालयात गेला, त्याने हात वर केला आणि एका झटक्यात लाल दोरी सोडली. ती जमिनीपर्यंत येऊन थांबली. ती हलायची थांबेपर्यंत तो बघत राहिला.

मग तो दवाखान्यात आला. काचेमागे जॉयस होती. शेजारी ट्रेस्कॉट उद्याच्या सुनावणीची खुर्ची कुठे ठेवायची ते सांगत होता.

"मिस्टर क्रॅबट्री," ट्रेस्कॉट पुढे झाला, "आम्हा सगळ्यांना तुमच्याबद्दल..."

"तू मला म्हणाला होतास, सगळ्या बांध," एडगर म्हणाला. "आणि मी बांधल्या. आपण दोघांनी मिळून केलंय हे. तू उद्या तुझ्या लोकांना सांग. मी गावाला सांगतो."

ट्रेस्कॉटने हेस्टरकडे पाहिलं. हेस्टरने नजर हटवली नाही. त्याचा हात टायकडे गेला आणि तिथेच राहिला.

एडगर बोळातून आत गेला. शौचालयाचं दार लागल्याचा आवाज आला. खोलीतला एकही माणूस जागचा हलला नाही. रेडिओ चालूच होता.

मग अलार्म वाजला.

जॉयस खुर्चीतून उठली ती धावतच. गुडघे दुखत होते, एक चप्पल बोळात निसटली, ती तिने तिथेच सोडली. दाराची कडी लावलेली नव्हती. तिने ते ढकललं.

एडगर फरशीवर बसला होता, मेव्हिस पडली होती त्या जागी. पाय लांब केलेले, लाल दोरी मुठीत. वरच्या भिंतीवरचे काळे फराटे त्याच्या डोक्यावर होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता.

जॉयस धापा टाकत खाली वाकली. "लागलं का कुठे? एडगर? पडलास का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मुठीतली दोरी सोडली. तिने त्याचा हात धरला.

"धावत आलीस," तो म्हणाला.

"मग काय करणार? वाजला ना."

"हो," एडगर म्हणाला. "तू आली असतीस."